आबांचा खालचा लेयर

"भाभी, जरा स्मूथ मारा की ओ!"

हे वाक्य मी सत्तावीस वर्षं ऐकतेय. नवरदेव म्हणतो, नवरीची आई म्हणते, आधार कार्डावरच्या फोटोला वैतागलेला पेन्शनर म्हणतो. एकदा तर प्रदर्शनात नंबर आलेल्या म्हशीचा मालक म्हणाला, "भाभी, आमच्या राणीलाबी जरा स्मूथ मारा." मारलं. म्हैस अशी चकाकली की तो बिचारा स्क्रीनकडं बघतच राहिला. धंदा आहे, नाही कशाला म्हणायचं?

विजापूर वेशीजवळ आमचा फोटो स्टुडिओ आहे. फोटो काढतात आमच्या सायराचे अब्बा, म्हणजे माझे मालक. त्यांचं नाव घ्यायची मला सवय नाही, इथंही घेणार नाही. कॅमेरा त्यांचा, कॉम्प्युटर माझा. लग्नाच्या अल्बमवर मागच्या बाजूला नाव त्यांचं छापलं जातं. मला त्याचं काही वाटत नाही असं मी चारचौघांत सांगते, पण वाटतं. म्हणून या अंकाच्या संपादकांनी "तुमच्या कामाबद्दल लिहा, बाहेरच्या माणसाला कळेल असं लिहा," म्हटल्यावर मी लगेच हो म्हणून मोकळी झाले. आता तीन दिवस झाले, पोरगी रोज विचारतेय, अम्मी, झालं का लिहून?

तर आधी लेयर म्हणजे काय ते सांगते. टेबलावर एक फोटो ठेवलाय असं समजा. त्याच्यावर पारदर्शक प्लास्टिकचा कागद ठेवा. आता त्या कागदावर रंगवा, पुसा, गिरमिटा, खालच्या फोटोला धक्का लागत नाही. असे कागद एकावर एक कितीही ठेवता येतात. एकेक कागद म्हणजे एकेक लेयर. कॉम्प्युटरवर प्रत्येक लेयरच्या नावाशेजारी एक बारीकसा डोळा काढलेला असतो. त्या डोळ्यावर क्लिक केलं की तो लेयर दिसेनासा होतो, परत क्लिक केलं की हजर. लग्नाच्या अल्बमच्या एका पानात माझे तीस-तीस लेयर असतात. नवरी एकात, नवरा दुसऱ्यात, गुलाबाची फुलं तिसऱ्यात, आणि मागचा ताजमहाल चौथ्यात. दोघं सोलापूरच्या बाहेर गेलेली नसली तरी ताजमहाल पाहिजेच.

आणि फिल्टर म्हणजे गाळणी. लेयर निवडायचा, गाळणी निवडायची आणि तिला आकडा द्यायचा, की बाई, एवढं गाळ. कातडी गुळगुळीत करायची गाळणी वेगळी, धूळ-ओरखडे काढायची वेगळी, धूसर करायची वेगळी. पण चहाच्या गाळणीला चोथा कुठला ते बरोबर कळतं. आमच्या गाळणीला काही म्हणजे काही कळत नाही. आजूबाजूच्या कातडीपेक्षा जे वेगळं दिसेल, मग तो मुरूम असो, तीळ असो नाहीतर दाढीचा खुंट, ते तिच्या लेखी कचरा. कचरा कुठला आणि माणूस कुठला, हे बघायला खुर्चीवर बसलेली बाई लागते. त्याचेच तर आम्ही पैसे घेतो.

नव्या पेठेतल्या क्लासात मला ज्या सरांनी शिकवलं त्यांचा एकच कायदा होता. "मूळ फोटो सगळ्यात खाली. त्याला कुलूप. त्याची नक्कल काढायची, गाळणी नकलेला लावायची. खालच्या लेयरला हात लावला तर मी तुमचा हात तोडीन." सर हाडं मोडायच्या गोष्टी फार करायचे, माणूस गरीब होता. तो कायदा मी आजतागायत पाळलाय. फाइलसुद्धा सगळ्या लेयरसकट ठेवायची, एक वर्ष पुसायची नाही, ही माझी स्वतःची शिस्त. घरातले हसतात. हसू देत.

गिऱ्हाइकं मात्र एकेक नग. निवडणुकीची नुसती हवा सुटली की एक भाऊ यायचे. नाव सांगत नाही, ते अजून भावीच आहेत. बॅनर करायचा. पन्नाशी उलटलेली, गालांच्या पिशव्या झालेल्या. "भाभी, पस्तिशीचा करा." केला. "अजून जरा." केला. "अजून." शेवटी उकडून सोललेल्या अंड्यासारखे दिसायला लागले, तेव्हा म्हणाले, "हां, आता कसं!" मी सुटले म्हणून प्रिंट द्यायला लागले, तर जवळ येऊन हळूच, "भाभी, मागं ते दोघं उभे आहेत ना, त्यांना नका हं मारू स्मूथ." मागचे दोघं त्यांच्याच पक्षाचे होते.

दुसरी एक मुलगी, साखर पेठेतल्या तेलुगू घरातली, बँकेत नोकरीला. तिच्या आईनं स्थळांना पाठवायचा फोटो करून घेतला. आई शेजारी बसून सांगत होती, रंग उजळ करा, हनुवटी बारीक करा, कपाळावरचा डाग काढा. मी आज्ञाधारक. महिन्याभरानं ती मुलगी एकटी आली. पाहुणे बघायला आले होते, आणि पोहे खाता खाता मुलाच्या मावशीनं विचारलं होतं, "फोटोतली ती धाकटी का?" मला वाटलं, आता ही भांडणार. तर खुर्चीवर बसून हसत म्हणाली, "काकी, मी एवढी वाईट दिसते का हो?" हसत होती, पण डोळे भरलेले. मी तिला चहा पाजला, माफी मागितली, खालचा फोटो जसाच्या तसा छापून दिला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत तेच काम करायला बसले. एका पोरीचे डोळे भरले म्हणून दुकान बंद करता येतं का?

आता जे सांगायचंय ते सांगते. इतका वेळ म्हैस आणि ताजमहाल सांगून टाळत होते.

दोन वर्षं झाली. थंडी सरत आली होती. दुपारी जेवणाचा डबा उघडला आणि दारात एक बाई येऊन उभी राहिली. पस्तिशीची असेल. केस विस्कटलेले, पायावर धूळ, छातीशी लग्नाचा अल्बम धरलेला.

"ताई, ह्यातला फोटो मोठा करून मिळंल का?"

"मिळेल की. कुणाचा पाहिजे?"

"आबांचा. आमचं वडील. हरवल्यात ओ."

मी डबा बंद केला.

तिचं नाव सुनंदा. गाव जेऊरच्या पलीकडं, उजनीच्या पाण्याकाठी. वडील ज्ञानू आबा, सत्तरीच्या पुढचे. त्या पाण्यावर शेतकऱ्यांच्या मोटारी बसवलेल्या असतात, त्या दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. गेल्या दोन वर्षांपासून विसरायला लागले होते. जेवले तरी जेवलो नाही म्हणायचे, सकाळ आहे की संध्याकाळ कळायचं नाही. त्यासाठीच सुनंदा त्यांना सोलापूरला डॉक्टरकडं घेऊन आली होती. परत जाताना स्टेशनवर त्यांना बाकावर बसवून ती तिकिटाच्या रांगेत उभी राहिली. तिकीट घेऊन येते तर बाक रिकामा. फलाटावरून तेवढ्यात एक गाडी सुटली होती.

"चार दिस झालं," ती म्हणाली. "पोलिसात दिलंय. भाऊ पुण्याला असतो, त्यो तिकडं हुडकतोय. मी हितं चुलतभावाकडं राहिलीय. आबांना पाटी वाचता येत न्हाय ओ ताई. कुटं उतरलं असत्याल?" एवढं बोलून ती रडायला लागली. सायराच्या अब्बांनी स्टूल दिलं, पाणी दिलं.

अल्बम आबांच्या पुतण्याच्या लग्नाचा. वऱ्हाडाच्या फोटोत दुसऱ्या रांगेत आबा, डोक्याला गुलाबी फेटा. मी पान स्कॅन केलं, आबांना कापून बाहेर काढलं. फेटा नको, रोज टोपी घालतात असं सुनंदा म्हणाली. माझ्याकडं टोप्यांचं आख्खं फोल्डर आहे, कोट-टायचं पण आहे. फेटा कापून त्यातली एक पांढरी टोपी वेगळ्या लेयरवर बसवली, नीट बसली. मूळ फोटो खाली ठेवला, त्याला कुलूप लावलं, वर नक्कल काढली. सगळं कायद्यानं.

मग मी तोंडाकडं बघितलं. उन्हानं करपलेलं काळं तोंड, पांढरे खुंट, आणि डाव्या डोळ्याखालून पार जबड्यापर्यंत एक खोल रेघ. आता खरं सांगते. अर्धं मला वाटलं, अल्बमचं पान आहे, प्रिंटला घडी पडली असेल. आणि अर्धं वाटलं, व्रण असला तरी म्हातारा मारामारी करणारा दिसतोय. असा फोटो लावला तर लोक म्हणतील, असेल कुणी रस्त्यावरचा. चांगल्या घरातला दिसला तर कुणी हाताला धरून बसवेल, फोन करेल. माझ्या मनात दयाच होती, अल्ला साक्षी आहे. मी धूळ-ओरखड्याची गाळणी लावली. रेघ गेली. स्मूथ मारलं. खुंट गेले. रंग दोन घरं उजळला.

मागून सायराचे अब्बा बघत होते. ते कमी बोलतात. म्हणाले, "इत्ता साफ नको कर. आदमी का आदमी रहने दे."

"तुमे तुमारा कॅमेरा देखो," मी म्हटलं.

सुनंदानं स्क्रीनकडं बघितलं आणि पदर तोंडाला लावला. "लई चांगलं आलंय ओ. आजारी पडायच्या आदी असंच दिसायचे आबा." मी मजकूर लिहायला घेतला. उंची, अंगात फुल बाह्यांचा निळा सदरा, धोतर. "अंगावर काही खूण?" मी विचारलं. "उजव्या हातावर आईचं नाव गोंदलंय," ती म्हणाली. गालाचं काही बोलली नाही. ती जन्मल्यापासून तोच गाल बघत आलेली. आपल्या रोजच्या माणसात खूण काय, हे आपल्याला सुचत नाही.

मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं. चांगलं काम केलं असं वाटलं होतं.

पोस्टरं लागली. सोलापूर, मोहोळ, माढा, कुर्डुवाडी, जेऊर, दौंड. स्टेशनं, एसटी स्टँड, दवाखाने. मोबाइलवर तर कुठल्या कुठं गेलं. सुनंदा रोज दुपारी येऊन माझ्याजवळ त्या स्टुलावर बसायची. "आज काय फोन?" मी विचारायची. फोन यायचे. मोहोळहून एकाच दिवसात तीन आले, तुमचा माणूस सापडला म्हणून. ही धावत गेली. तर तिथं एक रिटायर हेडमास्तर, गोरेपान, गुळगुळीत, संध्याकाळचे फिरायला निघालेले. तीन ठिकाणी लोकांनी त्यांना धरून बाकावर बसवलं होतं, चहा पाजला होता, आणि ते संतापून लाल झाले होते. "अहो, मी माझ्या घरी चाललोय!" सुनंदानं आल्यावर सांगितलं तेव्हा आम्ही दोघी हसलो. म्हणजे बघा, पोस्टरवरच्यासारखा माणूस मोहोळला होता, तो फक्त हरवलेला नव्हता. हसताना माझ्या डोक्यात काही शिरलं नाही.

पोस्टर लावून नऊ दिवस झाले. दहाव्या दिवशी सुनंदा तिच्या आईला घेऊन आली. हौसाबाई. इतके दिवस ती गावातच होती, न जाणो म्हातारा आपला आपण घरी आला तर घरात कुणी पाहिजे. आता शेजारणीला घरात बसवून आली होती. वाळलेली, ताठ, हिरव्या लुगड्यातली बाई. आत येता येता आमच्या काचेवर लावलेल्या पोस्टरसमोर थांबली.

"ह्यो कोन?"

"आई, आबा की गं," सुनंदा म्हणाली.

"ह्यो तुजा बाप?" म्हातारीनं काचेला नाक लावलं. "पन्नास वर्सं नांदले मी. माज्या मालकाला मी वळखत न्हाय व्हय? खोक कुटं गेली ह्येच्या गालावरची?"

सुनंदानं तोंडावर हात नेला.

"आवं, खोक!" म्हातारी माझ्याकडं वळली. "ही येवडी. इंजनाचं हँडल उलटं फिरलं आन् गाल फाटला. सुनी माज्या पोटात हुती तवा. लुगडं फाडून म्या बांदलंय, ह्या हातानं. ती खोक बघून मानूस लांबनं वळखू येतंय. कुनी काडली ती?"

"मी काढली," मी म्हटलं.

माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, म्हणून परत म्हटलं. मग खुर्चीत बसले आणि फाइल उघडली. लेयरसकट ठेवलेली होती, माझ्या शिस्तीनं. वरच्या लेयरच्या डोळ्यावर क्लिक केलं. तो गोरा हेडमास्तर गेला आणि खालून आबा वर आले. काळे, खुंट वाढलेले, डाव्या गालावर ती खोल रेघ, त्या बाजूचा डोळा जरासा ओढलेला. टोपी वेगळ्या लेयरवर होती, ती तशीच डोक्यावर राहिली.

"हां," हौसाबाई म्हणाली. "ह्ये आमचं मालक." आणि इतका वेळ ताठ उभी असलेली ती बाई मटकन खाली बसली.

एक क्लिक. नऊ दिवस तो माणूस माझ्या कॉम्प्युटरमध्येच होता, एका क्लिकच्या खाली. तुम्ही विचाराल, एवढ्या लोकांनी पोस्टर बघितलं, गावच्यांनी बघितलं, सख्ख्या मुलानं मोबाइलवर बघितलं, कुणालाच कसं कळलं नाही? मी पण तेच विचारत बसले. जे ओळखीचे होते त्यांनी नाव वाचलं, ज्ञानू आबा, आणि हळहळले. तोंड बघायची त्यांना गरजच पडली नाही. आणि ज्यांना आबा दिसणार होते ते सगळे अनोळखी. त्यांच्याकडं फक्त तोंड होतं, आणि ते तोंड मी पुसून ठेवलं होतं. तेव्हापासून हरवलेल्याचा फोटो आला की मी आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला बोलवा म्हणते, आणि गाळणीकडं हात नेत नाही. पण ही नंतरची अक्कल.

सायराचे अब्बा एक शब्द टोचून बोलले नाहीत. त्यांनी प्रिंटर सुरू केला. मी बुरखा चढवला. "तू जा," ते म्हणाले. "दुकान मैं देखतूं."

कुठं जायचं, ते हौसाबाईनं ठरवलं. "त्यांनी पुन्या-म्हमईची वाट धरायचं न्हाय. घराकडचीच गाडी धरली आसंल. मदीच कुटंतरी उतरलं असत्याल." जेऊरच्या वाटेवर सगळ्यात जास्त माणूस उतरतं ते कुर्डुवाडीला, जंक्शन आहे. म्हणून आम्ही तिघी पहिली मिळाली त्या गाडीनं कुर्डुवाडीला गेलो. गाडीत जागा मिळाली नाही. मी दाराशी पोस्टरांचा गठ्ठा धरून उभी, आणि सबंध वाटेत मला एकच वाटत होतं, की याच्या पुढं उशीर होऊ देऊ नको.

स्टेशनबाहेर एक चहाची टपरी होती. तिच्या पत्र्यावर आमचं जुनं पोस्टर चिकटवलेलं, त्याच्या खाली लाकडी बाकडं. मी गोंद काढला आणि नवं पोस्टर जुन्याच्या शेजारी लावायला लागले. चहावाला भगुलं ढवळता ढवळता वाकून बघायला लागला, आणि त्याचा हात थांबला.

"अवो बाई. ह्यो बाबा?"

"बघितलाय?" सुनंदा किंचाळलीच.

"बघितलाय म्हंजे? आठ दिस झालं, रोज हितं बसतोय की. ह्या बाकड्यावर." त्यानं जुन्या पोस्टरच्या खालचं बाकडं दाखवलं. "म्याच च्या-बिस्किट देतो. कुटं जायाचं बाबा म्हनलं, तर म्हनतोय, मोटार जोडून आलोय, गाडी यायची हाय."

"मग फोन का न्हाय केला ओ? नंबर हाय की तितं!"

"कुनाला करू?" चहावाल्याचा चेहरा पडला. "त्यो कागदावरला गोरा-गोमटा. ह्यो खोकवाला. म्या रोज त्येच्याखाली ह्येला च्या दिलाय ताई. मला काय सपान पडतंय?"

त्याचं काही चुकलं नव्हतं. मी त्याच्याकडं बघू शकले नाही.

"आता कुटं हाय?" हौसाबाईनं विचारलं.

"काल आन् आज आला न्हाय ओ."

सुनंदानं माझा दंड धरला. तिची बोटं रुतत होती. नऊ दिवसांचं नाही, आता मला या दोन दिवसांचं भय वाटायला लागलं. थंडीत, या वयात, दोन दिवस. चहावाल्यानं गॅस बंद केला, टपरीबाहेर आला आणि रस्त्याकडं बघून म्हणाला, "एक काम करा. त्या कोपऱ्यावर मोटारी वायंडिंग करनारा हाय. बाबा तितं बगत हुबा राहायचा. चला, मी येतो संगं."

वायंडिंगच्या दुकानात तांब्याच्या तारांची भेंडोळी पडलेली, चार-पाच उघडलेल्या मोटारी. आणि त्या मोटारींच्या मधोमध जमिनीवर आबा बसले होते. डोक्याला टॉवेल, एका पायात चप्पल, दुसऱ्या पायाला चिंधी बांधलेली. हातात पाना. नट आवळत होते. दुकानदार सांगत होता, परवा पायाला लागलं म्हणून चालवेना, तेव्हा इथंच झोपायला जागा दिली, काम मात्र पक्कं येतं बरं का म्हाताऱ्याला.

हौसाबाई पुढं गेली. मला वाटलं रडेल. तिनं कमरेवर हात ठेवले. "कुटं गेलतासा ओ तुमी?"

आबांनी मान वर केली. बराच वेळ बघितलं. "आलीस व्हय?" ते म्हणाले. "मग म्हशीला कोन हाय?"

त्यावर मात्र ती खाली बसली आणि तिनं त्यांच्या गालावरून हात फिरवला, त्याच खोकेवरून, आणि जी रडली ती रडली. सुनंदा त्यांच्या पाठीला मिठी मारून बसली. आबा मधे बसून तिला म्हणत होते, "अगं, नट पडंल, नट पडंल." चहावाला नाक पुसत होता. मी कुठं बघावं मला कळत नव्हतं.

आबांना सावरून आम्ही टपरीकडं निघालो. पुण्याच्या भावाला फोन झाला. चालता चालता मी सुनंदाला म्हटलं, "सुनंदा, हे माझ्यामुळं झालं. नऊ दिवस मी घालवले तुझे. तू मला बोल काहीतरी."

तिनं आबांचा हात सावरून धरला. मग म्हणाली, "मीबी बघितलं हुतं की ओ ताई. तुमच्या शेजारी बसून. बापाच्या तोंडावरची खोक गेली, आन् मला वाटलं, आबा किती चांगलं दिसत्यात."

टपरीशी आलो तसे आबा कुणी न सांगता आपल्या बाकड्यावर जाऊन बसले. चहावाल्यानं सगळ्यांना चहा दिला. आबांनी बशीत ओतला आणि फुंकर मारू लागले. त्यांच्या डोक्यावर पत्र्याला दोन कागद. एक माझा जुना, एक नवा, अर्धाच चिकटवलेला आणि वाऱ्यानं दुमडलेला. मी जुना काढायला हात घातला.

"बाई," आबा म्हणाले. माझ्याशीच बोलत होते. "ह्ये कागद तुमी लावता व्हय?"

"व्हय, आबा."

त्यांनी बशी खाली ठेवली आणि मान वाकडी करून त्या गोऱ्या, गुळगुळीत माणसाकडं बघितलं. "मी रोज बघतो ह्या बाबाला. लई दिस झालं, हितंच हाय. घावला का ओ त्यो?"

मी जुना कागद पत्र्यावरून सोडवला.

"घावला, आबा," मी म्हटलं. "आत्ताच घावला."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि बशी परत उचलली. "घरची मान्सं जेवली नसत्याल."